आत्याचा उंबरा

"दीदी, आत्या उठत नाय… हलवलं तरी नाय." सोनीचा फोन आला तेव्हा मी केबिन रोडवर भाजी घेत होते. रिक्षात बसले आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी धास्तीच वाटली. आत्या गेली, आता ही पोरगीही घर सोडून जाणार…

काशीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. राई गावात आमच्या शेजारच्याच घरात एकटी राहायची आणि केबिन रोडच्या कोपऱ्यावर मासळी विकायची. तिथल्याच फुटपाथवर सोनी राहायची, अठरा-एकोणीसची. एक माणूस तिला भीक मागायला लावायचा, पळाली की मारायचा. आत्याने आधी तिला बर्फाची पेटी उचलायला लावली, मग जेवू घातलं आणि एके दिवशी टोपलीबरोबर घरीच आणलं. मी चिडले. "तो माणूस शोधत घरी आला तर?" आत्या म्हणाली, "येल तं येल. मी हाय ना."

पण दाराला कडी लागली की सोनीचा जीव गुदमरायचा. एकदा तर खिडकीतून उडी मारून ती फुटपाथवर परत गेली. आत्याने तिला पुन्हा आणलं आणि त्या दिवसापासून दार उघडं टाकून स्वतः उंबऱ्यात आडवी झोपायला लागली, उशाशी मासे कापायचा कोयता घेऊन. आत येणाऱ्याला आत्याला ओलांडावं लागलं असतं. सोनीला मात्र बाहेर जायला कधी अडवलं नाही. ती उठली की आत्या नुसते पाय आखडून घ्यायची. शेजारी माझा डोळा लागत नसे. कुत्रं भुंकलं तरी वाटायचं, आला.

आणि एका संध्याकाळी तो आलाच. "लडकी किधर है?" आत्या उंबऱ्यात बसून बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी पोर हाय ती. तुजं इथं कोन न्हाय." तो हलेना. शेजारीपाजारी जमायला लागले तेव्हा कुठे "देख लूँगा" म्हणत निघून गेला. मग माझं लक्ष गेलं, आत्या साफ झालेलाच बोंबील पुन्हा पुन्हा साफ करत होती. इतके दिवस मला वाटायचं, घाबरट फक्त मीच…

आत्याला स्मशानात नेल्यावर आत घरात तिच्या नावाचा दिवा लावला. सोनीला म्हटलं, आमच्याकडे झोपायला चल. ती नको म्हणाली. सकाळी धावतच गेले. दार सताड उघडं. आणि उंबऱ्यात आत्याची गोधडी टाकून, कोयता उशाशी घेऊन सोनी आडवी झोपलेली.

"अगं, इथे कशाला?"

"दिवा आहे ना आत. आत्याला एकटीला कसं सोडणार?"

आता दिव्याचे दिवस सरले. सोनी आत्याच्या जागेवर मासळी विकते. तो माणूस पुन्हा आलेला नाही, येणार नाही असंही कुणी सांगत नाही. माझी भीती काही गेलेली नाही. म्हणून हल्ली मीही चटई घेऊन तिकडेच जाते. उंबरा दोघींना पुरत नाही. माझी चाहूल लागली की सोनी झोपेतच पाय आखडून घेते, अगदी आत्यासारखे.