बोटभर तांबडी पेन्सिल

१९२९ सालच्या दिवाळीआधीचा शनिवार. गिरणीच्या कचेरीत आप्पांच्या हातावर नोकरी संपल्याचे एकशेवीस रुपये ठेवले. हजर तिघे: खजिनदार, मी कारकून आणि आप्पा. एकतीस वर्षे घडी खात्यात त्यांनी तयार कापड तपासले. दोष दिसला की तांबड्या पेन्सिलीने खूण. पैसे त्यांनी मोजले नाहीत. विचारले, "पेन्सिल जमा करू?"

"न्या की घरी," खजिनदार हसला.

सोमवारी भोंगा झाला आणि आप्पा फाटकावर उभे. पहारेकरी म्हणाला, "आप्पा, आता कुटं?" तिथून ते दुपारपर्यंत नवी पेठेत फिरत राहिले. रोजच फिरू लागले. कापडाच्या दुकानात शिरून ठाणांवर तळवा फिरवत, "हितं गाठ हाय की." एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या नेसत्या धोतरावरच त्यांनी खूण केली. दुकानदार शेटजी भडकले. "तुमची गिरणी तिकडं. हितं तुमी कोन?"

संध्याकाळी माझ्या ओट्यावर ते बसेनात, उभेच. "त्याचं बरोबर हाय. मी कोन?"

मी हिशेबी माणूस. पैसे व्याजी लावा म्हटले.

"व्याज बसून मिळतं ओ. मला बसवत न्हाई."

आमच्या मागच्या बोळात नरसम्मा नावाची विधवा मागावर पंचे विणी. पंचे घेताना दोष दाखवून तेच शेटजी तिचे दाम कापत. आप्पा एकदा दारातून डोकावले आणि आत गेले. मग रोजच. पंचा मागावरून उतरण्याआधी ते गाठ दाखवीत, ती सुधारी. तिने एक आणा पुढे केला तर म्हणाले, "पगार गिरनीत झाला. हे काम हाय." आणि शेटजींना जाऊन सांगितले, "दोष असंल तर काप. नसंल तर पुरतं दे." शेटजींनी चार वेळा पंचे उजेडात धरले. पाचव्यांदा धरले नाहीत.

तीन वर्षांनी आप्पा गेले. अखेरचे पांढरे वस्त्र मी शेटजींकडूनच आणले. नरसम्माने ते दारातल्या उजेडात धरून तळवा फिरवला. मध्येच थांबली. "हितं गाठ हाय." आप्पांच्या खिशातून पेन्सिल काढून तिने खूण केली. पेन्सिल बोटभर उरली होती. ती तिने कनवटीला लावली.

मी कापड परत नेले. शेटजींनी खूण पाहिली. दुसरे ठाण सोडले, स्वतः उजेडात धरून पाहिले आणि पैसे नकोत म्हणाले.

"दोष नाही ना?" मी विचारले.

"न्हाई."

मग दोन रुपये चार आणे, पुरते, शेटजींना दिले.