हिरव्या इंजिनांवरच्या रेघा

माझा नवरा एनॉक टॅटरसॉल भांडखोर माणूस होता. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्याने तीन माणसांचे दात पाडले, त्यांतला एक माझा मामेभाऊ. पण या साऱ्या मारामाऱ्या त्याने डाव्या हाताने केल्या. उजवा हात विजारीच्या खिशात असे. आमच्या गावच्या रेल्वे कारखान्यात तो इंजिनांवर रेघा ओढायचा. हिरव्या रंगावर काळी पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना पेन्सिलीच्या टोकाएवढी पांढरी रेघ, बॉयलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कशाचाही आधार न घेता. असे काम करणारे कारखान्यात चौघेच होते आणि चौघेही एकाच हाताने भांडत. उजव्या हाताचे एक बोट दुखावले तरी नोकरी गेलीच म्हणायची.

१९२३ साली सरकारने रेल्वे कंपन्या एकत्र केल्या. आमची कंपनी शेजारच्या मोठ्या कंपनीत गेली आणि तिचा लाल रंग आमच्या इंजिनांवर चढवायचे ठरले. तिच्या कारखान्यातून बारा रंगारी आले. पहिल्याच आठवड्यात दोन दारूच्या गुत्त्यांच्या काचा फुटल्या. त्या बारांतल्या एकाला आमच्या लोकांनी घोड्यांच्या पाण्याच्या डोणीत इतका वेळ दाबून धरले, की तो निळा पडला. "हा रंग शोभतो याला," असे कोणीतरी म्हणालेही.

माझ्या वहीत ९ मार्च, शुक्रवार, अशी नोंद आहे. दुपारच्या सुट्टीत मी तळलेले मासे घेऊन फाटकाशी उभी होते. आवारात लालवाल्यांचा रेघा ओढणारा जोसाया ब्रॅडवेल एनॉकला म्हणाला,

"काय रे टॅटरसॉल, या पालेभाजीवर किती वर्षं रेघोट्या मारल्यास?"

"तुझ्या खाटीकखान्यापेक्षा पालेभाजी बरी, लेका!" आणि एनॉकचा डावा हात त्याच्या नाकावर बसला.

जोसायानेही उजवा हात खिशात घातला. लोकांनी कडे केले. दोघे एकेका हाताने एकमेकांना फोडत होते. एनॉकची भुवई फाटली, जोसायाचा अर्धा कान लोंबू लागला.

"एनॉक, मासे गार होतायत!" मी ओरडले. कोण ऐकतो!

जोसाया कोसळला. पडताना त्याचा उजवा हात खिशातून निसटून फरशीवर पसरला, पण डाव्या हाताने त्याने एनॉकची डावी बाही पकडली ती सोडली नाही. तेवढ्यात आमचाच बर्ट स्केल्टन लोखंडी दांडा घेऊन पुढे आला.

"याचा हातच मोडतो! मग बघू कोण लाल इंजिनावर रेघ ओढतं!"

एनॉकने खिशातला हात काढला आणि खाली येणारा दांडा पकडला. हाडे मोडल्याचा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला. मग बाही फाडून घेऊन त्याने बर्टला आडवे केले आणि लाथांनी तुडवले. चौघांनी ओढले तेव्हा कुठे तो थांबला.

एनॉकच्या उजव्या हाताची तीन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. मुकादमाने त्याला जुना हिरवा रंग जाळून काढायचे काम दिले. पुढचे मला जोसायानेच सांगितले.

पहिलेच इंजिन आले ते एनॉकने शेवटच्या रेघा ओढलेले. कानाला फडके बांधलेला जोसाया पुढे झाला. "हे मी जाळतो. तू दुसरं घे."

"माझ्या रेघांना हात लावलास, तर दुसराही कान उपटीन."

"तुझ्यामुळे माझा हात राहिला रे."

"तुझ्यासाठी नाही केलं. रेघ ओढणाऱ्याचा हात होता तो. सरक!"

एनॉकने डाव्या हाताने ज्योत बॉयलरला लावली. रंगाला फोड आले, हिरवे काळे पडले, पांढरी रेघ पिवळी होऊन फाटली. टोकापर्यंत तो कुठे थांबला नाही. जोसाया टोपी काढून उभा होता. एनॉकचे लक्ष गेले, तेव्हा त्याने जोसायाला लाथ घातली.