रामटेकपलीकडची बदली

“चालून राहिलं ना? मंग हात नको लावू गा,” हे आमच्याकडच्या प्रोग्रामरचं ठरलेलं वाक्य. आमच्या पाटबंधारे कार्यालयातल्या संगणकाच्या खोलीत कोणी कळफलकाकडे नुसतं वळलं, तरी ते हलकेच म्हणायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरणातून कोणत्या कालव्याला किती पाणी सोडायचं, याचा हिशेब करणारा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिला होता. तो एकाच जुन्या मशीनवर चाले, आणि ते मशीन त्यांच्याशिवाय चालत नसे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. सगळे त्याचं कौतुक करतात आणि कोणी त्याला सोडत नाही.

त्यांचं गाव रामटेकच्या पलीकडे, धानाच्या पट्ट्यात. आई नव्हती, वडिलांची दृष्टी जात चालली होती. गावाजवळ बदली मिळावी म्हणून ते दर उन्हाळ्यात अर्ज करत. साहेब चहा पाजून म्हणत, तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार?

मग नवं मशीन आलं. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. जुना असेम्बलर आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारी साधनं, त्यावर सुरूच होईनात. मला वाटलं, हे वैतागतील. ते उलट खुलले. कित्येक महिने खपून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मध्ये बसून जुन्या कंपायलरची प्रत्येक मागणी नव्या मशीनला समजेल अशी करून सांगायचा. त्या बिचाऱ्याला वाटे, आपण जुन्याच घरी आहोत.

“आता कोणीबी चालवन हे,” ते मला म्हणाले. “मले गावी जाता येईन.” त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं.

साहेबांनी पाठ थोपटली आणि बदली नाकारली. हे मधलं अडलं तर तुमच्याशिवाय कोणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रामर आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि बंद पडद्याकडे पाहत राहिले.

शेवटी त्यांनी वडिलांनाच शहरात, महाल भागातल्या आपल्या माडीवरच्या खोलीत आणलं. मी एकदा गेलो होतो. जिन्याच्या भीतीनं म्हातारा खाटेवरून उतरत नसे. खालच्या रिक्षांच्या घंट्या ऐकत बसे. मला विचारलं, “काहून गा, इथं रोजच जत्रा रायते का?” मी हसलो. मुलगा हसला नाही.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोपं लावायच्या रोवणीच्या दिवसांत, दोघंही खोलीला कुलूप लावून गावी निघून गेले. मशीन अडलं नव्हतं, पण साहेब धास्तावले. त्यांनी मला गावी धाडलं. परत या, बदलीचं नक्की पाहू, असा निरोप होता.

मी पोचलो तेव्हा ते धानशेताच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे होते, पॅन्ट वर दुमडलेली. म्हातारा शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसून कोणाला तरी रोपं कशी धरायची ते सांगत होता. त्यांनी निरोप शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“साहेबाले सांगजो,” ते म्हणाले, “माणूस भेटला नाही म्हणून.”

मग घरी चहा घेऊनच जा असं बजावून ते पुन्हा वाकले. त्यांनी लावलेली ओळ वाकडी जात होती. शेजारच्या बाया हसत होत्या, आणि तेही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना निरोप दिला, शब्दाला शब्द: माणूस भेटला नाही.