लॅबमधली तारीख

ललिताला राग यायला वेळ लागे, पण एकदा आला की तो मुक्कामालाच येई. २००३च्या मार्चमध्ये तो असाच येऊन राहिला, आणि खरं सांगायचं तर तो यायलाच हवा होता.

हरसूलच्या पुंजाची ही थोरली लेक. आश्रमशाळेत शिकली, नाशकात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागली. इंदिरानगरात दोन मैत्रिणींबरोबर खोली होती. नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर. दोन ऑर्डरी झाल्या होत्या, तिसरी मार्चअखेर हातात पडायची होती. फायलीत एखादा मेमो लागला की ऑर्डर मिळत नाही, हे कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी विद्यापीठाची कमिटी येणार होती. अभ्यासक्रमात लिनक्सवर खिडक्या, बटणं, मेनू असलेले प्रोग्रॅम लिहायचं एक प्रॅक्टिकल होतं, आणि त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वीसपैकी एकाही मशीनवर नव्हती. वर्षभर तिची कुणाला आठवण झाली नव्हती. शनिवारी, आठ मार्चला, लॅबचे प्रमुख दिनेश सर आले आणि सीडी टेबलावर आपटून म्हणाले, "सोर्स कोड आहे. कम्पाइल करून चढव. बुधवारपर्यंत झालं पाहिजे."

सीडीवरच्या कोडचं मशीनला चालवता येईल असं रूप करायचं, म्हणजेच कम्पाइल. ललितानं शनिवारी एका मशीनवर अर्धी मजल मारली. एकावर जमलं की बाकीच्यांवर चढवणं सोपं होतं. रविवारी ती घरी जाऊन आली. बापानं नेहमीचंच विचारलं, "नोकरी पक्की झाली का गं?" ती म्हणाली, "होईल, बा. या वक्ताला होईल."

सोमवारी मशीनला वेड लागलं. तासभर कम्पाइल करून झालेल्या फायली ते पुन्हा कम्पाइल करायला घेई. संपलं असं वाटून पुढची कमांड द्यावी, तर गाडी परत पहिल्या फायलीवर. अधूनमधून वेळेबद्दल काहीतरी वॉर्निंग येई आणि ओळींच्या लोंढ्यात वर निघून जाई. सरांचा लॅबमध्ये एक नियम होता: वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे, सोडून द्यायची. दोन वर्षं ललितानं हा नियम इमानेइतबारे पाळला होता, आणि आताही पाळला. चूक तिचीही झाली, ती झाकण्यात अर्थ नाही.

मंगळवारी सर आले. पडद्यावर अजून ओळीच धावताना पाहून भरल्या वर्गासमोर म्हणाले, "कोट्यातून डिप्लोमे वाटले की हे असं होतं. जंगलातून उचलायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसवायचं!"

दोन-चार पोरं हसली. ललिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला स्वतःचा प्रिंटर जोडता येत नव्हता, तो तिला जंगल शिकवत होता! पण ऑर्डर मार्चअखेर होती. ती काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला.

बुधवारी दुपारी शिपायानं पाकीट आणून दिलं. आत मेमो. 'दि. ८ मार्च रोजी सोपविलेले काम करण्यास आपण असमर्थ ठरल्या आहात.' खाली सरांची लफ्फेदार सही. ललितानं कागद पुन्हा वाचला, आणि वरच्या कोपऱ्यावर तिची नजर अडकली. दिनांक: १३ जानेवारी २००३.

आठ मार्चच्या कामाचा मेमो तेरा जानेवारीला?

मेमो लॅबमधल्याच मशीनवर टाइप झाला होता, आणि तारीख मशीन आपणहून घालत असे. ललितानं कीबोर्ड ओढला आणि तारीख विचारली. तेरा जानेवारी. शेजारच्या मशीनवर तेरा जानेवारी. वीसही मशीनवर तेरा जानेवारी!

मग सगळं उलगडलं. जानेवारीची प्रॅक्टिकल्स झालीच नव्हती. कमिटी येतेय म्हटल्यावर पोरांच्या जर्नलना जुन्या तारखेचे प्रिंट लागणार, म्हणून रविवारी सरांनी सगळ्या मशीनची घड्याळं जवळपास दोन महिने मागं नेली होती. तिला सांगायची तसदी कोण घेणार? शनिवारच्या फायली मार्चच्या, सोमवारपासूनच्या जानेवारीच्या. तिनं आज केलेलं काम मशीनला शनिवारच्या आधीचं वाटे, म्हणून ते पुन्हा करायला घेई. ती बिचारी वॉर्निंग तीन दिवस हेच ओरडून सांगत होती.

तिनं तारीख बरोबर केली, जुनं सगळं पुसलं, सीडी पुन्हा उघडली. चार वाजता पडद्यावर करड्या रंगाची छोटी खिडकी उघडली, मधोमध एक बटण. ललितानं ते दाबून पाहिलं. दाबलं गेलं. एरवी ती नाचली असती. आज तिनं पर्स उचलली, कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात गेली आणि तिथून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

"लायब्ररी चालू झाली, सर," असं म्हणून तिनं मेमो पुढे ठेवला.

प्राचार्यांनी वाचला. तारखेवर थांबले. जर्नलचं प्रकरण त्यांना नवीन नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं.

"टायपिंगची चूक आहे. उद्या कमिटी आहे, विषय वाढवू नका," ते म्हणाले, आणि कागद टरकन फाडून टोपलीत टाकला. "झालं? संपला मेमो."

"ती झेरॉक्स होती, सर," ललिता म्हणाली. आवाज चढला होता आणि तिनं तो उतरवला नाही. "सहीचा कागद माझ्याकडं आहे. मेमो मागं घेतला, काम वेळेत झालं, असं लिहून द्या. दिनेश सरांची सही पाहिजे, तुमचीही."

प्राचार्यांनी घंटी वाजवली आणि शिपायाला दिनेश सरांना बोलावून आणायला सांगितलं. टाइप करून आणतो म्हणून ते स्वतःही उठू लागले.

"टाइप नको, सर. इथंच, हातानं लिहा," ललिता खुर्ची ओढून बसली. "आणि तारीख आजची घाला."