न नासणारा खवा

प्राध्यापकांचे उद्योजक करणारं एक केंद्र विद्यापीठानं काढलं आहे. तिथल्या कोटवाल्या मार्गदर्शकानं मला विचारलं, "तुमच्या संशोधनाचं गिऱ्हाईक कोण?" मी म्हणालो, "बुरशी सोडून सगळेच." तो हसला नाही. अशी माणसं हसत नाहीत, पुढची स्लाइड दाखवतात.

माझं संशोधन म्हणजे ताकातल्या जिवाणूंपासून काढलेली एक पूड. चिमूटभर घातली की खवा फ्रीजविना आठवडाभर ताजा राहतो. कळंबकडं खव्याच्या भट्ट्या कमी नाहीत, त्यामुळं आपण आता कारखानदार झालोच, असं मी धरून चाललो होतो. पेटंटचा अर्ज गेला, रीतसर परवानग्या आल्या. राहिलं होतं ते कुणीतरी खरोखर विकून दाखवणं. असल्या वेळी घरचाच माणूस सापडतो. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, येडशीला खवा विकतात. वडिलांपासून कमावलेल्या नावावर त्यांचं दुकान चालतं.

दाजींनी हौसेनं पाटी लावली, 'आठवडाभर न नासणारा खवा'. मजकूर माझा. मला तो फार शास्त्रीय वाटला होता.

लग्नांचा स्वयंपाक करणारे एक आचारी चाचा दाजींचे जुने गिऱ्हाईक. पाटी वाचून त्यांनी हातातला गोळा खाली ठेवला.

"शेठ, यात काय घातलंय?"

"दुधाचाच हाय, चाचा. वरून मेव्हण्याची पूड. ताकातनं काढल्याली."

"दुधाचा असता तर नासला असता की. माझा भरोसा हाय तुमच्यावर, पण लग्नघरी म्या काय सांगू?"

मी मोबाइलवर आलेख दाखवला. चाचांनी तो अदबीनं पाहिला आणि शेजारच्या दुकानातून खवा घेऊन गेले. दाजी भेसळ करतात, ही बातमी एसटीच्या आधी कळंबला पोचली. पाटी काढली, पूड बंद केली, तरी दुकानात कुणी फिरकेना. ताई माझ्याशी बोलेना, नुसता चहाचा कप आपटून ठेवायची. मला लाज वाटत होती आणि सगळ्या जिल्ह्याचा रागही येत होता.

शेवटी दाजींनीच तोड काढली. साध्या खव्याचा गोळा परातीत घालून दुकानापुढं स्टुलावर उघडा ठेवला. नासतो का, ज्याला बघायचं त्यानं बघावं. नेमकी थंडी पडलेली, गोळा नासायचं नाव घेईना. येणारे-जाणारे वाकून बघत आणि पुढं जात. कॉलेज सुटलं की मी यायचो, वास घ्यायचो. जिला मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या बुरशीची मी मनातल्या मनात विनवणी करत होतो.

"तुमी हात लावला न्हाय ना ह्याला?" दाजींनी हळूच विचारलं.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "आलीय. हिरवी." मी तास सोडून मोटारसायकल काढली. पोचलो तर चाचा परातीवर वाकलेले. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "अस्सल हाय. लग्नाचा खवा तोला."

दाजींचे डोळे भरून आले. ते तराजूकडं वळले. ताईनं परात उचलून माझ्या हातात दिली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"जा, टाकून ये."

मला ती बुरशी टाकवेना.