बनुबाईंची बिनभात्याची पेटी

माझ्या वहीचा नेम ठरलेला आहे. वर तिथी, खाली नैवेद्याला काय केलं ते, आणि शेवटी दिवसभरात मनात राहिलेली एक गोष्ट. गेल्या कार्तिकातल्या एका पानावर मात्र नुसते आकडे आहेत. 'सहा, देवळातली घंटा. चौदा, मांजर. सतरा, दुधाचा टेम्पो मागे घेताना. एकवीस.' एकवीसच्या खाली दोन रेघा ओढल्यात. ते पान बनुबाईंचं.

सोनईत आमचं अकरा बायकांचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात बसतो. बनुबाई आमच्या पेटीवाल्या. वय त्रेसष्ट, अंगाने काडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माहेर पाथर्डीकडचं. वडील ऊसतोडीच्या टोळीत होते. दिवाळी झाली की टोळी कारखान्याकडे निघायची. बाकीच्यांच्या बैलगाडीत भांडी, पांघरुणं, कोंबड्या. ह्यांच्या गाडीत त्याखेरीज गोधडीत गुंडाळलेली पेटी. दिवसभर तोडणी आणि सांजेला कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, भजन. शाळा हुकली ती हुकलीच, पण सात वर्षांच्या असल्यापासून बनुबाई बापाच्या मांडीला मांडी लावून पेटी शिकल्या. टोळीत गायला रोज वेगळा माणूस. कुणाचा गळा खाली, कुणाचा वर. बाप म्हणायचा, "माणसाचा गळा बदलता येत न्हाई, आपलं बोट बदलता येतं." गाणाऱ्याने तोंड उघडलं की दोन शब्दांत त्याचा सूर हुडकायचा आणि तिथून वाजवायला लागायचं, हेच त्यांचं शिक्षण.

लग्नात रुखवताला पाच भांडी आली आणि सहावी पेटी. सासरे म्हणाले होते, "सुनेबरोबर सवत धाडली." ही गोष्ट बनुबाईंचे मालक पुंजारामभाऊ अजून सांगतात आणि प्रत्येक वेळी आपणच आधी हसतात.

वैशाखात बनुबाई गच्चीवर कुरडया उलटायला गेल्या आणि उतरताना शिडीवरून पडल्या. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण तो हात पुढे-मागे ढकलता येईना. उजव्या हाताची बोटं जशीच्या तशी. पण पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो, आणि वारा नाही तर सूर नाही.

म्हणून भाता मारायला मी बसले. वाटलं, त्यात काय एवढं. त्यांनी ओळ संपवली तरी माझा वारा चालूच, त्यामुळे सूर एकटाच मागे रेंगाळत रडत राहायचा. त्यांना जोर हवा तेव्हा माझा हात दमलेला.

"वैनी, पीठ चाळताय का?" बनुबाई म्हणाल्या. "वारा द्या, वारा."

"देतेय की."

"ह्यो वारा न्हाई, ही धाप हाय."

भीमाबाई आमच्या मुख्य गाणाऱ्या. त्या गाता गाता हसल्या आणि मंडळच थांबलं. ओट्यावर बसलेले पुंजारामभाऊ म्हणाले, "एका गाडीला दोन गाडीवान झाले की गाडी वढ्यात."

त्या दिवशी बनुबाईंनी पेटीचं झाकण लावलं ते लावलंच. "मी आपली टाळ वाजवते," म्हणाल्या.

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह असतो. सहाव्या दिवशी दुपारी तीन ते चार महिलांचं भजन. पुरुषांच्या मंडळाने निरोप धाडला, आमचा पेटीवाला देतो. भीमाबाई हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. बनुबाई मात्र सगळ्यांदेखत बोलल्या, "बरं झालं, माझा जीव सुटला." आणि घरी काय चाललं होतं? पुंजारामभाऊ आमच्या ह्यांना सांगत होते, "जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवीत बसती. भाकर गार होती तरी ध्यान न्हाई."

भाऊबीजेला मी पुण्याला मुलाकडे गेले होते. तिथे कपाटावर एक लांबट खोकं दिसलं. सूनबाई स्नेहलने खाली काढून दाखवलं. नात राजनंदिनीचा कीबोर्ड. पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, पेटीसारख्याच.

"ह्याला भाता कुठे असतो?" मी विचारलं.

"आई, ह्याला वारा लागतच नाही. वीज लावा, नाहीतर सहा सेल घाला."

मी पुरणाचा हात तसाच धरून उभी राहिले. स्नेहलला वाटलं, मला चक्करच आली. तिला बनुबाईंचं सगळं सांगितलं, तर म्हणाली, "मग न्या की. राजनंदिनीने तीन आठवडे वाजवला, आता ती बॅडमिंटनला जाते. धूळच खातोय."

एसटीत कंडक्टरने गोधडीत गुंडाळलेल्या त्या वस्तूकडे बघितलं. "मावशी, इस्त्रीचं टेबल का?"

"पेटी आहे."

"एवढी चपटी?"

"वारा काढून घेतलाय," मी म्हटलं.

घोडेगावला उतरून जीपने सोनई गाठली आणि घरी न जाता आधी बनुबाईंकडे गेले. त्यांनी कीबोर्ड पाटावर ठेवून घेतला, हात धुऊन आल्या, नमस्कार केला आणि एक पट्टी दाबली. टण्ण वाजलं आणि विरलं. दाबून धरली, तरी विरलं. त्यांचा डावा हात तेवढ्यात सवयीने भाता शोधायला उठला आणि कळ लागून खाली आला.

"वैनी, ह्यो सूर मरतोय," त्या म्हणाल्या. पुन्हा दाबली. "मेला बघा. पेटीत वारा हाय तवर सूर जगतो. ह्याच्यात जीवच न्हाई."

दारातून पुंजारामभाऊ म्हणाले, "टाळच बरी तुला."

मला रडूच यायचं राहिलं होतं. पण खोक्यात एक पुस्तिका होती. मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं. मी नेवाशाच्या शाळेत दहावी झालेली, अक्षर अक्षर जोडून वाचते. त्यानंतरच्या गुरुवारी देवळात न जाता मी ती घेऊन बनुबाईंकडेच बसले. एका पानावर आकड्यांची यादी होती. कळलं ते एवढंच, की आकड्याचं बटण दाबलं की आवाज बदलतो. चालू केल्यावर आपोआप पहिला आवाज लागतो, आणि तो पियानोचा, म्हणून विरतो.

मग काय, मी आकडा दाबायची, बनुबाई डोळे मिटून पट्टी दाबायच्या आणि हे काय आहे ते सांगायच्या. मी वहीत लिहायची.

"घंटा. देवळातली."

"पुढं?"

"मांजर. भुकेलं."

"हे?"

"दुधाचा टेम्पो. मागं घेतोय."

असं करत एकवीसवर आलो. बनुबाईंनी पट्टी दाबली. सूर निघाला. धरली. राहिला. अजून धरली. माझा श्वास संपला, सूर संपला नाही. हुबेहूब पेटी.

"कुणी काही हात लावू नका," बनुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मग त्यांनी वाजवलं. सहा महिन्यांचं तुंबलेलं पाणी पाटाला सुटावं तसं. बाहेर पुंजारामभाऊ मोटर लावून टाकी भरत होते, त्यांनी मोटर बंद केली आणि नळी हातात घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. ही त्यांच्याबाबतीत मोठी गोष्ट. एकवीसखाली मी दोन रेघा ओढल्या त्या तेव्हा.

पुढचा महिना दोघी रोज दुपारी बसलो. अडचणी होत्याच. पट्ट्या पेटीपेक्षा रुंद, बोटं कमी पडायची. बंद करून चालू केला की स्वारी परत पियानोवर, म्हणून एकवीस लावायचं काम माझ्याकडे. आणि डावा हात. त्याला कामच नसल्यामुळे तो मांडीवर नुसता अस्वस्थ. एके दिवशी बनुबाईंनी तो कीबोर्डच्या डाव्या टोकाला टेकवला आणि तिथला खालचा सा दाबून धरला. खांदा हलवावा लागत नव्हता, नुसतं बोट ठेवायचं. खाली सा चालू, वर उजव्या हाताची भजनं. आवाज भरून आला.

"लागला रोजगाराला," त्या डाव्या हाताकडे बघून म्हणाल्या.

भीमाबाईंनी येऊन ऐकलं. कीबोर्डच्या मागे वाकून बघितलं. "आवाज पेटीचा आहे, पण पेटी कुठं आहे?" असं विचारलं आणि तिथूनच पुरुषांच्या मंडळाला फोन लावून सांगितलं, "तुमचा पेटीवाला तुम्हालाच असू द्या."

सप्ताहाचा तो दिवस आला. मांडवात दोनेकशे माणसं. पुरुषांचं मंडळ खांबांना टेकून बसलेलं, त्यांचा पेटीवाला अगदी पुढे. आमचा मृदंगवाला कानिफनाथ माईकचंही बघतो. त्याने वायर जोडली, कीबोर्ड चालू केला, मी एकवीस लावला. बनुबाई अजून दर्शनाला गेल्या होत्या. माझ्या मनात आलं, पहिल्यांदा देवापुढे बसणार हे वाद्य, आणि ह्याची पूजा झालेली नाही. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला तरी आधी कुंकू लागतं. मी पूजेचं ताट घेतलं आणि पाच ठिकाणी हळद लावली. चार कोपऱ्यांना चार, आणि पाचवं मधोमध. तिथे एक बारीक गोल बटण होतं, अगदी टिकलीएवढं, जणू त्यासाठीच ठेवलेलं. मग त्याच पाच ठिकाणी कुंकू. फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मन भरलं.

गजर सुरू झाला. भीमाबाईंचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर लागतो. बनुबाईंनी चौथ्या काळीवर बोट ठेवलं आणि सूर दिला. भीमाबाईंनी उचलला खरा, पण त्यांचे डोळे मोठे झाले. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरी ओळ वर चढते. तिथे आमच्या दहाही जणींच्या माना आरवणाऱ्या कोंबड्यासारख्या ताणल्या. एकदोघींचा आवाज फाटला. खांबांजवळ कुणीतरी हसलं.

कानिफनाथ मृदंग न थांबवता वाकला. "मावशी, लई वर गेलंय. बंद करून परत चालू करू का?"

बनुबाईंनी मान हलवली, नको. त्या आपल्या बोटाकडे बघत होत्या. बोट जागेवर होतं, सूर नव्हता. मला वाटलं, संपलं. आता त्या हात काढतील, टाळ मागतील, आणि तो पुढे बसलेला पेटीवाला उठून येईल.

त्यांनी हात काढला. पण टाळ मागितली नाही. एक आवर्तन नुसता मृदंग चालू दिला, डोळे मिटले, आणि उजवा हात डावीकडे सरकवून तिसऱ्या काळीवर ठेवला. सूर दिला. तो भीमाबाईंचा होता.

बघणाऱ्याला वाटेल, एक जागा तर सरकायचं होतं. पण सा हलला की बाकीच्या सगळ्या सुरांची घरं बदलतात. जिथे पांढरी होती तिथे काळी येते, जिथे बोट आपोआप पडायचं तिथे आता पडून चालत नाही. बनुबाईंनी डोळे उघडलेच नाहीत. भीमाबाईंची मान खाली आली, खांदे सैल झाले, आणि तास संपेपर्यंत आम्ही असं गायलो की गवळणीला मांडवातल्या म्हाताऱ्या उठून फुगडीला लागल्या. पुढे बसलेला पेटीवाला शेजाऱ्याला म्हणाला, तेही मी ऐकलं, "हात तिसरीवर अन् सूर चौथीचा. अन् बाई आंधळ्यासारखी वाजवतीय."

भजन झाल्यावर कीबोर्ड पुसायला घेतला. मधल्या टिकलीएवढ्या बटणावर हळदीकुंकू होतं आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. अक्षर अक्षर जोडलं, ट्रान्सपोज. पिशवीतून पुस्तिका काढली. एकदा दाबलं की सगळ्या पट्ट्या अर्ध्या सुराने वर चढतात. मी तिथेच बसले. हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक. दोनदा दाबलं होतं, म्हणजे तिसऱ्या काळीवर चौथीचा सूर.

बनुबाई देवळाच्या पायरीवर शिरा खात होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शिऱ्याचा द्रोण खाली ठेवला.

"म्हंजी तुमी केलं व्हय."

"चुकलं माझं."

"आन् मी म्हणलं, मपली साठ वरसांची बोटं इसरली." त्यांना हसू फुटलं, ते इतकं की ठसका लागला, पुंजारामभाऊ पाणी घेऊन आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी द्रोण परत उचलला. मग म्हणाल्या, "वैनी, आमच्या टोळीत रोज येगळा गळा असायचा. इथं चाळीस वरसं एकच भीमाबाई. मला वाटलं, ते सगळं इसरून गेले आसंन."

"नाही ना विसरलात."

"न्हाई. ते बटण लई कामाचं हाय. पुसून ठिवा."

आता दर गुरुवारी आरती झाली की प्रसाद वाटायच्या आधी बनुबाई भिंतीकडे तोंड करून बसतात आणि म्हणतात, "लावा हळद." मी ते बटण मनाला येईल तितक्यांदा दाबते. त्या वळून बसतात, भीमाबाई ओळ सुरू करतात, आणि ओळ संपायच्या आत बनुबाईंनी सूर गाठला नाही तर त्या कानिफनाथला चहा पाजणार, गाठला तर तो त्यांना. पूजा मी आता कीबोर्ड बंद असताना करते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

काल मी सात वेळा दाबलं. कालच्या पानावर शेवटची ओळ अशी आहे : चहा कानिफनाथने पाजला, साखर जास्त होती.