नासीरभाईंनी पास केलेली काडतुसं

आमच्या रायफल क्लबात रविवारचा सराव संपला की रिकामी काडतुसं झाडून गोळा करतात. किस्से मात्र कोणी झाडत नाही, म्हणून ते साठतच जातात. त्यातले निम्मे नासीरभाईंचे.

नासीरभाईंचं दिग्रसला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि ते स्वतः पक्के नेमबाज. क्लबाला परवाना असल्यामुळे तिथं रिकामी काडतुसं हातानंच पुन्हा भरतात. पण नासीरभाईंनी पाहिल्याशिवाय एकही काडतूस रेंजवर जात नाही.

*

एकदा मी पुन्हा भरायच्या पितळी केसेस घासून अशा चकचकीत केल्या की तोंड दिसावं! मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यांनी टोक वाकवलेली बारीक तार एका केसमध्ये घालून आतून फिरवली, मग तार माझ्याच हातात दिली. बुडाजवळ ती अडकत होती. आतून पितळ झिजून खाच पडली होती. अशी केस बंदुकीत फाटते.

"पालिश भारी झाली," ते म्हणाले. "हे घरी शोकेसमधी ठेव."

*

एकदा केसेसमध्ये बारुदाची पावडर भरता भरता त्यांना सासऱ्यांचा फोन आला. बोलून परत आले आणि ट्रेमधली एकूण एक केस उलटी करून पावडर डब्यात ओतली.

माझा जीव हळहळला. म्हटलं, नासीरभाई, निम्म्या तर भरून झाल्या होत्या.

"कोणत्या निम्म्या?"

*

भाभी सांगतात, यांना अंडी आणायला पाठवलं, तर दुकानात एकेक अंडं उजेडाला धरून पाहत बसले. शेवटी दुकानदाराचाच फोन आला, "भाभी, यायले परत पाठवू नका. दुसरं गिऱ्हाईक उभं राहून राह्यलं."

*

यवतमाळच्या स्पर्धेत त्यांची मुलगी सना पदकाच्या अगदी जवळ होती. शेजारच्या लेनमध्ये वणीची प्राजक्ता. तिचीही काडतुसं हातानं भरलेली, पण आमच्या क्लबातली नव्हेत.

प्राजक्तानं ट्रिगर दाबला. धाड व्हायच्या जागी नुसतं फुस्स झालं. तिनं बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवलं आणि पुन्हा नेम धरला.

"बेटा, थांब! गोळी नळीतच हाये!"

नासीरभाई एवढ्या जोरात ओरडले की सना दचकली आणि तिची गोळी टार्गेटच्या बाहेर गेली.

रेंज ऑफिसरनं प्राजक्ताची रायफल रिकामी केली आणि नळीत सळई घातली. ती मध्येच अडली. आधीच्या काडतुसात पावडर भरायचीच राहिली होती, त्याची गोळी तिथंच बसली होती. वरून दुसरी सुटली असती, तर नळी पोरीच्या गालाशी फुटली असती.

प्राजक्ताला पुन्हा संधी मिळाली आणि ती जिंकली. सनाचं पदक हुकलं. परतताना दारव्हा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग तिनं विचारलं, "अब्बा, तुमाले तेवढ्या गलक्यात आवाज कसा समजला?" दिग्रस येईपर्यंत ते तिला सांगत होते.

पुढच्या स्पर्धेत प्राजक्ता काडतुसांचा डबा घेऊन थेट आमच्या टेबलाशी आली. म्हणाली, "चाचा, माह्ये बी पाहून देता का?"

टेबलावर सनाचा डबा उघडून ठेवला होता. नासीरभाईंनी तो बाजूला सरकवला.

"तू थांब थोडी," ते सनाला म्हणाले. "पाहुण्यांचे पहिले पाहू दे."